बंद पडलेल्या लाइनचा पट्टा मोडू देऊ नका

मा. संपादक,
सादर नमस्कार.

शकुंतलेचं, म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या आपल्या बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या लाइनचं, पुढे काय होणार, हा विषय मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ या गावांत चहाच्या टपरीपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सगळीकडे निघतो. ब्रॉडगेज व्हावं ही मागणी माझीही आहे आणि हे पत्र तिच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. गाडी येईल तेव्हा येईल. पण जमिनीच्या ज्या पट्ट्यावरून ती यायची तो पट्टा तोवर अखंड राहील का, याची काळजी कोणी करताना दिसत नाही. बंद लाइन सांभाळली तर तिचं काय होऊ शकतं आणि नाही सांभाळली तर काय हातचं जातं, या दोन्ही गोष्टी मी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सायकलवरून बघून आलो. त्या आपल्या वाचकांपुढे ठेवायच्या आहेत.

मी रेल्वेत पी.डब्ल्यू.आय., म्हणजे लाइनची देखभाल बघणारा निरीक्षक, होतो. नोकरीचा बहुतेक काळ ट्रॉलीवर बसून नाहीतर पायी चालत रूळ, मोऱ्या आणि भराव बघण्यात गेला. लेक आणि जावई प्लिमथला नोकरीला आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, इथे सायकलने फिरायला या, सगळी तुमचीच लाइन आहे." जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं.

तिथल्या राष्ट्रीय सायकल जाळ्यात 27 क्रमांकाचा मार्ग आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या इल्फ्राकूमहून निघून दक्षिण किनाऱ्यावरच्या प्लिमथला पोचतो. लांबी सुमारे 160 किलोमीटर. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग मोटारींपासून पूर्ण मोकळा आहे आणि त्यातला बहुतेक बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जातो. ब्रिटनमध्ये 1963 साली तिथल्या रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात सुमारे 5,000 मैल लाइन आणि 2,363 स्टेशनं बंद करावीत असं सुचवलं होतं, आणि त्यातली बरीचशी पुढच्या काही वर्षांत खरोखर बंद झाली. काही छोट्या लाइनी तर अहवालाच्या आधीच गेल्या होत्या. डेव्हनमध्ये त्या बंद लाइनींच्या फॉर्मेशनवर, म्हणजे रुळांखालच्या तयार जमिनीवर, आज सायकली चालतात.

आम्ही बार्नस्टेपलहून निघालो. बरोबर जावई आणि नात, ती अजून प्राथमिक शाळेत आहे. सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत. गाव सोडलं की टॉ नदीचं मुख उजव्या हाताला उघडतं. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यावर पक्षी चरत असतात. पुढे इन्स्टोला लाइन दक्षिणेकडे वळते आणि टॉरिज नदीच्या काठाने चालू लागते. इन्स्टोची जुनी सिग्नल केबिन जशीच्या तशी जपलेली आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो, कारण तशा केबिनीत मी माणसं आयुष्य काढताना पाहिली आहेत. बिडफर्डला नदीच्या पलीकडे गावाचा जुना पूल दिसतो, चोवीस कमानींचा, आणि एकेका कमानीचा गाळा वेगळ्या मापाचा. स्टेशनात एक जुना डबा उभा करून ठेवला आहे. तिथून टॉरिंग्टनपर्यंत लाइन त्याच नदीला लोखंडी पुलांवरून पुन्हा पुन्हा ओलांडते. नात पुलावर थांबून पाण्यात डोकावायची, आणि तिला "बाजूला हो" म्हणून हाक मारावी लागत नव्हती, कारण मागून येणारं असं काही नव्हतंच. तिच्या वयाच्या मुलीला घेऊन मी मूर्तिजापूर–कारंजा रस्त्यावर पाचशे मीटरही सायकलने जाणार नाही.

हा भाग अखंड राहिला त्याचं कारण माल वाहतूक. प्रवासी गाड्या 1965 मध्ये थांबल्या, पण मीथ आणि मार्लंडच्या खाणींतून भांड्यांसाठी लागणारी पांढरी चिकणमाती निघायची आणि तिच्या मालगाड्या 1982 पर्यंत चालू राहिल्या. गाड्या थांबल्या तोवर लोकांना जमिनीची किंमत कळू लागली होती. डेव्हन काउंटी कौन्सिलने, म्हणजे आपल्या हिशेबात जिल्हा परिषदेने, त्याच दशकात पट्टा हाती घेऊन तिथे वाट केली. ब्राँटनपासून मीथपर्यंत जवळपास 50 किलोमीटर सलग मार्ग तेव्हापासून उभा राहत गेला. एकाच मालकाकडून एकाच सार्वजनिक संस्थेकडे पट्टा गेला, मधे तुकडे पडले नाहीत. सगळी गोम इथेच आहे.

पट्टा नसला की काय होतं तेही दुसऱ्याच टप्प्यात कळतं. मीथला मोकळी वाट संपते आणि हॅदर्लेमार्गे ओकहॅम्प्टनला जायला गावरस्ते धरावे लागतात. तिथले गावरस्ते अरुंद असतात. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच मातीचे बांध, त्यावर दाट झुडपं, आणि समोरून मोटार आली तर टेकायला जागा नाही. रस्ता टेकडी आली की सरळ चढतो, ओढा आला की सरळ उतरतो. हा टप्पा आम्ही दोघांनी केला. नातीला लेकीने मोटारीतून पुढे नेलं. नकाशावर एकच रेघ दिसते, पण मुलांसाठी ती रेघ मीथला तुटते.

चढाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सायकलवाल्यांना रेल्वेचा पट्टा का मानवतो ते त्यात आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून आमच्या आधीच्या इंजिनिअरांनी डोंगराच्या कडेकडेने वळसे घेतले, उंचवटा आला तिथे कटिंग मारलं, खळगा आला तिथे भराव घातला. ओकहॅम्प्टनहून वर मेल्डनला जाणारा चढ 77 मध्ये 1 आहे, म्हणजे 77 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. इंजिनाच्या दृष्टीने तो चांगलाच चढ. ड्रायव्हरला वाफ राखून चालवावं लागे. आपल्या बोर घाटात तर 37 मध्ये 1 आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात. पण सायकलवर 77 मध्ये 1 म्हणजे बोलत बोलत चढण्यासारखा. सत्तरीच्या घरातला माणूस आणि शाळकरी मुलगी, दोघंही दम न लागता डार्टमूरच्या पठारावर पोचतात ते त्या हिशेबाच्या जोरावर. एरवी त्या डोंगराळ मुलखात हे अशक्य होतं.

ओकहॅम्प्टन ते लिडफर्ड या वाटेला ग्रॅनाइट वे म्हणतात. लांबी सुमारे 18 किलोमीटर. डावीकडे डार्टमूर. झाडं जवळजवळ नाहीत. गवत, नेचे, जांभळं हीदर आणि पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स, आणि माथ्यामाथ्यावर ग्रॅनाइटच्या रचलेल्यासारख्या शिळा, ज्यांना तिथे टॉर म्हणतात. आपल्याकडच्यांनी पावसाळ्यानंतरचा कासचा सडा डोळ्यांपुढे आणावा, फक्त तो मैलोनमैल पसरलेला आणि अंगाला थंड वारा झोंबणारा. यस टॉर 619 मीटर उंच आहे, आणि त्याच्या शेजारचं हाय विलहेज त्याहून दोन मीटर जास्त. मेंढ्या आणि ठेंगणी घोडी मोकळी चरतात. त्या पठारावर चराईचे हक्क गावकऱ्यांकडे परंपरेने आहेत. वाटेत फाटकं लागतात. प्रत्येक जण फाटक उघडतो, सायकल काढतो आणि मागे वळून पुन्हा लावतो. सांगायला कोणी उभं नसतं.

या वाटेवर मेल्डनचा व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा उंच रेल्वे पूल, आहे आणि माझं मन तिथे अडकलं. 1874 साली बांधला, वेस्ट ओकमेंट नदीवर. लांबी 165 मीटर, नदीपासून उंची सुमारे 46 मीटर, लोखंडी जाळीच्या खांबांवर सहा गाळे. पाच वर्षांनी दुसरी लाइन टाकायची म्हणून त्याच्या शेजारी तसाच दुसरा बांधून दोन्ही एकमेकांना जोडले. वळणावर आहे, म्हणून एका टोकाला उभं राहिलं की पुढचे गाळे वळताना दिसतात. मी रिव्हेट बघितले, सांधे बघितले, खांबांच्या पायथ्याचं दगडकाम वरून दिसेल तेवढं बघितलं. जावई हसत होते, पण मला सांगायचं आहे की असा पूल पाडायला सोपा असतो. लोखंडाचे भाव काढायचे, ठेकेदार बोलवायचा. या लाइनवरच्या गाड्या 1968 मध्ये थांबल्या. तरी हा पूल राहिला, संरक्षित स्मारक ठरला, आणि आज त्याच्यावरून आजी-आजोबा, मुलं, चाकाच्या खुर्चीतली माणसं जातात. धरणाची भिंत एका बाजूला दिसते, दुसऱ्या बाजूला दरी.

पुढे सोर्टनचं छोटं दगडी देऊळघर, म्हणजे चर्च, अगदी लाइनला लागून आहे. त्यानंतर लेक नावाचा दगडी व्हायाडक्ट. मला आणखी एक गोष्ट बघून बरं वाटलं. कटिंगमधले बाजूचे नाले अजून वाहते आहेत. लाइन म्हणजे निचरा, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच दिवसांत शिकवतात. पाणी साचलं की भराव बसतो, भराव बसला की रूळ जातो. रूळ जाऊन पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली, तरी नाले साफ होतात, कारण त्या वाटेचा रोजचा वापर आहे आणि वापर आहे म्हणून देखभालीला मालक आहे. वापर नसलेल्या लाइनच्या मोरीत आधी पिंपळ उगवतो आणि मग मोरी फुटते.

लिडफर्डला मोकळी वाट पुन्हा तुटते आणि टॅव्हिस्टॉकपर्यंत रस्तेच धरावे लागतात. टॅव्हिस्टॉकच्या पुढे मात्र बंद लाइनने मला सगळ्यात मोठा धडा दिला. तिथून प्लिमथला जाणारी लाइन 1859 साली सुरू झाली. तिच्यावर वॉकहॅम नदीच्या दरीवर ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरच्या आराखड्याचा व्हायाडक्ट होता, मुळात दगडी खांबांवर लाकडी बांधणीचा. लाइन 1962 च्या शेवटी बंद झाली, आणि त्याच दिवसांत एवढा बर्फ पडला की शेवटच्या गाड्या वाटेतच अडकल्या. तीन वर्षांत, 1965 मध्ये, तो व्हायाडक्ट पाडला. पुढे सायकलमार्ग करायची वेळ आली तेव्हा दरी तशीच आडवी. दोन्ही बाजूंना पट्टा आहे आणि मधे काही नाही. शेवटी 2012 मध्ये तिथे जेम ब्रिज नावाचा नवा पूल बांधला, सुमारे 200 मीटर लांब आणि 24 मीटर उंच, खर्च वीस लाख पौंडांहून जास्त. पूल सुंदर आहे, त्याच्यावरून झाडांचे शेंडे खाली दिसतात. पण तो ज्या पैशांत झाला ते पैसे जुना पूल पाडणाऱ्यांनी पुढच्या पिढीच्या नावावर टाकले होते. मेल्डनला एक पूल राहिला, वॉकहॅमला एक गेला. दोन्ही ठिकाणं एकाच परगण्यातली, एकाच सायकलमार्गावरची. मला दुसरा पुरावा लागत नाही.

येल्व्हर्टनच्या माळावरून उतरलं की वाट प्लिम नदीच्या खोऱ्यात शिरते. माळरानाचा उघडा वारा बघता बघता थांबतो आणि ओकची दाट झाडी सुरू होते. शॉ इथला बोगदा सुमारे 280 मीटरचा, आत दिवे लावलेले, भिंतींतून पाणी ठिबकत असतं. नात बोगद्यात आवाज देत गेली. बाहेर आलं की व्हायाडक्टांची रांग, त्यातला कॅनचा व्हायाडक्ट जुन्या पाटीच्या दगडाच्या खाणीला लागून. त्या खाणीच्या कड्यावर बहिरी ससाणे घरटं करतात आणि लोक पुलावरून दुर्बिणीतून बघत उभे असतात. खोऱ्याच्या खालच्या टोकाला मार्श मिल्सपासून प्लिम ब्रिजपर्यंत हौशी स्वयंसेवकांनी जुन्या पट्ट्यावर पुन्हा रूळ टाकून छोटी गाडी चालवली आहे. म्हणजे एकाच जुन्या लाइनचा खालचा तुकडा गाडीकडे आणि वरचा सायकलींकडे, आणि कोणाची तक्रार नाही.

एक गोष्ट रेल्वेवाल्यांसाठी. ब्रुनेलची ही लाइन सात फुटी गेजची होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर सात फूट. मे 1892 मध्ये त्या भागातलं सगळं सात फुटी गेज साध्या गेजात बदललं. नंतर गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले, डांबर पडलं. गेज बदललं, वाहन बदललं, पट्टा तोच राहिला. शकुंतला अडीच फुटी आहे म्हणून ती टाकाऊ, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रूळ अडीच फुटी आहेत. पण जमिनीची सलग रेघ, कटिंगं, भराव, पुलांच्या जागा यांना गेज नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सायकलमार्ग केला की रेल्वे कायमची गेली, अशी भीती आपल्याकडे लगेच व्यक्त होईल. ओकहॅम्प्टनचं उदाहरण बघा. तिथली नियमित प्रवासी गाडी 1972 मध्ये बंद झाली, पण मेल्डनच्या खडीच्या खाणीसाठी रूळ राहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये एक्सेटरहून ओकहॅम्प्टनची रोजची गाडी पुन्हा सुरू झाली, जवळपास पन्नास वर्षांनी. ती त्याच स्टेशनात थांबते जिथून ग्रॅनाइट वे सुरू होतो. लोक सायकल गाडीत घालून येतात, उतरतात आणि चालू लागतात. बिडफर्ड आणि टॅव्हिस्टॉकच्या लोकांनाही गाडी परत हवी आहे आणि ते तशी मागणी करतात. बंद लाइनी पुन्हा सुरू करायची सरकारी योजना 2024 मध्ये गुंडाळली गेली, हेही खरं. पण योजना गुंडाळली म्हणून टॉरिजकाठचा पट्टा कोणी नांगरला नाही. गाडी येवो न येवो, तो जागेवर आहे आणि तोवर रोज वापरात आहे.

हे सगळं सरकारने आपणहून केलं, असं नाही. ब्रिस्टलमध्ये 1977 साली काही नागरिक एकत्र आले. त्यांनी ब्रिस्टल ते बाथची बंद लाइन घेऊन 1979 पासून फावडी-घमेली हातात घेऊन वाट करायला सुरुवात केली. सुमारे 21 किलोमीटरची ती वाट 1986 पर्यंत पुरी झाली. त्यातूनच सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली आणि 1995 मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांतून 4.35 कोटी पौंडांचं अनुदान मिळाल्यावर देशभराचं जाळं विणलं गेलं. त्याच संस्थेने 2020 मध्ये आपल्या जाळ्यातले जवळपास चौथा हिस्सा रस्ते एकतर यादीतून काढले किंवा वेगळ्या वर्गात टाकले, कारण ते वाहतुकीच्या रस्त्यांवरून जात होते आणि सुरक्षित नव्हते. मला त्या संस्थेबद्दल आदर वाटला तो यासाठी. नकाशावर मार्ग दाखवून मोठे आकडे सांगणं सोपं असतं. आपल्या शहरांत रस्त्याच्या कडेला पट्टा रंगवून त्यालाच सायकलमार्ग म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रिक्षा उभ्या राहतात. त्यांच्या हिशेबात असा मार्ग मोजायच्याच लायकीचा नाही.

आणि ही वाट फक्त घट्ट कपडे घालून शर्यतीच्या सायकली चालवणाऱ्यांची नाही. तिथे कुत्रा घेऊन चालणारे, घोड्यावरचे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे दिसतात. घोडेवाटांवर सायकल चालवायची मुभा तिथल्या 1968 च्या कायद्याने दिली, पण पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची ही अट घालूनच. सायकलवाला लांबूनच घंटी वाजवतो, वेग कमी करतो आणि ओलांडताना नमस्कार केल्यासारखा हात करतो. जुन्या स्टेशनांत चहा मिळतो, सायकली भाड्याने मिळतात. रेल्वेने त्या खेड्यांना एकेकाळी जे दिलं होतं त्यातलं थोडंसं या वाटेने परत दिलं आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे येतो. शकुंतला किलिक-निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला टाकली. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे 76. मी निवृत्त झाल्यावर या लाइनच्या काही भागांतून पायी फिरलो आहे. रुळांत वेड्या बाभळी छातीइतक्या झाल्या आहेत. काही ठिकाणी भरावातला मुरूम खणून नेल्याचे खड्डे आहेत. फाटकांच्या जागा रस्त्याने गिळल्या आहेत. हे असंच दहा वर्षं चाललं, तर ब्रॉडगेजचा पैसा मंजूर झाला तरी आधी जमीन सोडवण्यातच आयुष्य जाईल.

आपली माती काळी, कापसाची. पावसाळ्यात आपल्या पांदणी म्हणजे गुडघाभर चिखल. बैलगाडी रुतते तिथे सायकल काय चालणार! या मुलखात बाराही महिने कोरडी राहणारी, मुरमाच्या भरावावरची, गावागावाला जोडणारी दुसरी कोणती सलग वाट आहे? मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्या मुली ट्रक-टिप्परच्या रस्त्यावरून जीव मुठीत धरून जातात आणि बाजूला अर्ध्या किलोमीटरवर सपाट, रिकामा पट्टा बाभळींखाली पडलेला असतो. मला डेव्हनच्या माळरानावर सायकल चालवताना सारखं हेच डोळ्यांपुढे येत होतं. तिथे वाट प्रवासाची, फिरायची आहे. आपल्याकडे ती आधी शाळेची होईल, मग शेताची, आणि मग बाहेरून पूर्णेच्या खोऱ्यातून मेळघाटच्या पायथ्याकडे सायकलने जायला येणाऱ्यांची.

सगळ्याच बंद लाइनींवर माणसं न्यावीत, असं मात्र मी म्हणणार नाही. अकोला–खंडवा मीटरगेज 2017 मध्ये बंद झालं. त्यातला धूळघाटचा वळसा, जिथे लाइन स्वतःलाच ओलांडून वर चढते, आमच्या खात्याच्या कामगिरीचा मानबिंदू आहे. पण तो मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. तिथे वाघाला शांतता मिळू द्यावी. सायकली तिथे नकोत, भले कितीही देखणी वाट असो. शकुंतलेची गोष्ट वेगळी आहे. ती गावांतून आणि शेतांतून जाते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ब्रॉडगेजचा निर्णय होईपर्यंत या पट्ट्याचा एकही तुकडा भाड्याने, लीजवर किंवा दुसऱ्या कामाला देऊ नये. एकही पूल, एकही मोरी भंगारात काढू नये. नवं ब्रॉडगेज जिथे वेगळ्या आखणीने जाईल, तिथला जुना पट्टा आधी जिल्हा परिषदेकडे सलग सोपवावा, त्यावर पायी आणि सायकलने जाण्याची वाट करावी, आणि ती परत रेल्वेला लागली तर द्यायची अशी अट करारातच लिहावी. सुरुवात मोठ्या रकमेने करायची गरज नाही. मूर्तिजापूरपासून एका दिशेने दहा-बारा किलोमीटर, ज्यात दोन-तीन गावांच्या शाळा येतात, एवढा तुकडा बाभूळ काढून आणि मुरूम दाबून मोकळा केला तरी लोकांना कळेल की हे काय आहे.

त्याआधी मोऱ्यांची आणि पुलांची यादी हवी: कोणती धड आहे, कोणत्या मोरीत पिंपळ शिरला आहे, कुठे भराव खणला गेला आहे, कुठे अतिक्रमण आहे. अशी यादी करायला इंजिनिअरच लागतो असं नाही; लाइन चाललेला माणूस लागतो. आमच्या खात्यातून निवृत्त झालेले गँगमन, चाबीवाले, मिस्त्री अजून या गावांत आहेत आणि त्यांना प्रत्येक मोरीचा नंबर पाठ आहे. कोणत्याही ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा सायकल क्लबने बोलावलं, तर मी त्यांना घेऊन येतो आणि पावसाळ्याच्या आत मूर्तिजापूर ते दर्यापूर हा टप्पा पायी चालून यादी लिहून देतो. ती यादी आपल्या वृत्तपत्राने छापावी, ही विनंती.

कळावे,

आपला नियमित वाचक,
निवृत्त पी.डब्ल्यू.आय., मूर्तिजापूर, जि. अकोला